एल्मरच्या कट्ट्याची फळी

लाइल झास्त्रोला गावात सगळे ओळखायचे, पण त्याला कुणी घरी बोलावलं की समजायचं, त्या घरात काहीतरी मोडलंय. कुणाचं गॅरेजचं दार, कुणाचा जिना, कुणाचं परसातलं कुंपण. लाइल यायचा, पिकअपच्या मागून हत्यारं काढायचा, काम उरकायचा. मग घरमालक त्याच्या हातात बिअर द्यायचा, पिझ्झा मागवायचा आणि म्हणायचा, "तू नसतास तर आमचं काय झालं असतं रे लाइल!" पैशाचं नाव नाही. ओळखीच्या माणसाला पैसे देऊ केले तर त्याला वाईट वाटतं, असं आमच्या विस्कॉन्सिनात मानतात. कामं करून घेणाऱ्यांना हे मानणं भलतंच सोयीचं पडतं.

लाइलचा बाप एल्मर. एल्मरचा बार गावाच्या उत्तर टोकाला, सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. शुक्रवारी तळलेला मासा, रविवारी फुटबॉलची मॅच, नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला निघालेल्यांची पहाटेपासून गर्दी. खाली बार, वर घर. एल्मरला दोन मुलगे. धाकटा कर्ट कॉलेजात गेला, विम्याच्या धंद्यात पडला, मार्सीशी लग्न करून नव्या वस्तीत ऐसपैस घरात राहायला गेला. थोरला लाइल बारमध्ये थांबला. थांबशील का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. वेरा नावाची एक चांगली बाई तीन-चार वर्षं त्याच्यासाठी थांबली होती. तिला मिल्वॉकीला जाऊन संसार थाटायचा होता आणि याला शुक्रवारचे मासे तळायचे होते. गेली बिचारी. लाइल त्यावर कधी काही बोलला नाही, फक्त तिच्या आवडीचं गाणं लागलं की मागे जाऊन बर्फ फोडत बसायचा.

त्या बारमध्ये किंमत करावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे पेले मांडायच्या कट्ट्यावरची फळी. चेरीच्या लाकडाची, भिंतीपासून भिंतीपर्यंत, सलग एकाच झाडाची. कुठे सांधा म्हणून नाही. एल्मर तिला रोज स्वतःच्या हातानं पुसायचा. कुणी तिच्यावर नुसती किल्ली आपटली तरी म्हातारा भडकायचा, "अरे ए! तुझ्या आईच्या ताटावर आपटतोस का असा?" गल्ल्याजवळच्या टोकाला एल्मर डावं कोपर टेकून उभा राहायचा, लोकांची रडगाणी ऐकायचा. चाळीस-बेचाळीस वर्षं. तिथे लाकडाला बशीएवढा खळगा पडला होता. लहानपणी लाइल त्यात शेंगदाणे ठेवून खायचा.

एल्मरला पुरलं त्या दिवशी कुणीतरी त्या खळग्याशेजारी एक छोटा ग्लास पालथा ठेवला. आमच्याकडे ती रीत आहे. तुमचा पुढचा पेला कुणी आपल्याकडून सांगितला, की बारवाला तुमच्यासमोर ग्लास पालथा घालतो. म्हणजे तुमची जागा धरलेली आहे, उठू नका. दफनविधीहून परत आलेली माणसं तो ग्लास बघून घसा खाकरायला लागली. लाइल मासे तळत होता. तो आत जाऊन ढसाढसा रडला आणि तोंड धुऊन पुन्हा तळायला उभा राहिला.

वर्षाच्या आत इमारत विकली गेली. शेजारच्या दुकानदाराला गाड्या लावायला जागा हवी होती. कर्टला विकायची होती, आणि कर्टला हवं असलं की ते व्हायचं. लाइलनं मान डोलावली. फक्त म्हणाला, "फळी मात्र द्यायची नाही."

"देतंय कोण!" कर्ट म्हणाला. "पण तू ठेवणार कुठे? तू घेतलेल्या त्या खुराड्यात? फळी आत घातलीस तर तुला पाय खिडकीबाहेर काढून झोपावं लागेल."

लाइल हसला. खरंच होतं ते. वाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, त्यातली एक नावालाच.

"ऐक," कर्ट म्हणाला, "मी तळघरात थिएटर करतोय. मोठा पडदा, प्रोजेक्टर, सगळं. पुढे एक रांग आरामखुर्च्यांची. मागे लाकडी चौथरा, त्यावर दुसरी रांग, म्हणजे पुढच्यांची डोकी मध्ये येणार नाहीत. आणि चौथऱ्याच्या मागच्या कडेला बारचा कट्टा, उंच स्टुलं. तिथे बाबांची फळी. फळी माझ्या घरात, पण जागा तुझी. खळग्यापाशी. दर रविवारी. कायमची."

"कायमची?"

"अरे, तुझ्याशिवाय कुणाची असणार? तूच तर बांधणार आहेस."

शेवटचं वाक्य कर्ट सहज बोलला. लाइलला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण ऐकणाऱ्यांनी कपाळाला हात लावायचा, बाकी काय.

तो हिवाळा लाइलनं कर्टच्या तळघरात काढला. आणि खरं सांगायचं तर वेरा गेल्यापासून तो इतका खूष कधी नव्हता. पहिलं काम फळी आत आणायचं. जिना मध्येच वळलेला, त्या वळणातून ती जाणं शक्य नव्हतं. पण घराच्या मागच्या बाजूला तळघरात उतरायचं एक जुनं तिरकं दार होतं, बाहेरून उघडणारं. बारच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी सहाजण आले, खांद्यावर घेऊन तिरडीसारखी हळूहळू चालत फळी त्या दारातून उतरवली. तिला करवत लागली नाही. लाइलनं कर्टच्या तळघरातली आडभिंत सहा बोटं मागे सरकवली, पण फळी कापली नाही.

मग ते दार बुजवलं. पडदा त्याच भिंतीवर यायचा होता आणि फटीतून उजेड यायचा. लाइलनं स्वतः विटा रचल्या, स्वतः गिलावा केला. पुढच्या उन्हाळ्यात कर्टनं बाहेरून त्यावर काँक्रीट ओतून मांस भाजायची शेगडी मांडली. फळी आत, दार बंद. तळघरात होडी बांधली आणि मग ती दारातून बाहेरच निघेना, त्या माणसाचा विनोद आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं, आणि लाइलनं तो बारमध्ये शंभरदा ऐकून शंभरदा हसून झालं होतं. त्या दिवशी मात्र त्याला तो आठवला नाही.

चौथऱ्याची उंची ठरवताना मोठी मजा आली. लाइलनं कर्टला कच्च्या चौथऱ्यावर रंगाचा डबा ठेवून त्यावर बसवलं, पुढे दुसऱ्या डब्यावर एक भोपळा ठेवला आणि म्हणाला, "हे मार्सीचं डोकं. याच्यावरून पडदा दिसतो का सांग."

"दिसतो. पण मार्सीचं डोकं याहून मोठं आहे."

"मला ऐकू येतंय हं!" वरून मार्सी ओरडली.

"तेच म्हणतोय, कान पण मोठे आहेत," कर्ट म्हणाला आणि उठताना त्याचं टाळकं वरच्या तुळईवर असं आपटलं की तो खाली बसला. मग चौथरा दोन बोटं उतरवला. लाइल हसून हसून लोळला. दोघं भाऊ असे एकत्र हसले नव्हते, पोरवयानंतर बहुतेक पहिल्यांदाच.

चौथऱ्याची चौकट लाइलनं जाड लाकडी वाशांची केली आणि पोटात काचेचा पिवळा कापूस ठासून भरला. नाहीतर पावलागणिक ढोल वाजतो. वर प्लायवूडचे दोन थर, त्यावर गालिचा. कट्ट्याचे पाय चौथऱ्यातून खाली थेट फरशीत उतरवले. फळी तेवढी वर स्क्रूनं धरायची, म्हणजे उद्या कधी काढायची झाली तर चार स्क्रू काढले की मोकळी. बेत तसाच होता.

तो बेत बिघडला मार्सीच्या एका वाक्यानं. ती बिचारी मैत्रिणीला तळघर दाखवत होती, लाइल चौथऱ्याखाली आडवा पडून वायर ओढत होता. मैत्रीण म्हणाली, "फळी जरा जुनाट वाटते, नाही?"

"राहू दे गं सध्या," मार्सी म्हणाली. "कर्टला भावाचं मन मोडवत नाही म्हणून. पुढेमागे ग्रॅनाइट टाकू वर. ही घ्यायला एकजण तयारच आहे, ग्रीन बेला हॉटेल आहे त्याचं."

लाइल खाली तसाच पडून राहिला. तोंडावर भुसा पडत होता, तो पुसायचंही त्याला सुचलं नाही. संध्याकाळी कर्टला विचारावं, असं दहादा मनात आलं. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण लाइलच्या जिभेला ती सवयच नव्हती. त्याचा राग हातात उतरायचा.

रविवारी सकाळी कर्ट आणि मार्सी चर्चला गेले तसा लाइल तळघरात आला. सोबत बांधकामाच्या गोंदाच्या नळ्या, खोकंभर. कट्ट्याच्या माथ्यावर त्यानं एक वीत जागा कोरडी ठेवली नाही. वर फळी बसवली, मधून लोखंडी गज आरपार घालून खाली फरशीत पक्के केले, गजांची तोंडं लाकडाच्या गुट्ट्यांनी बुजवली आणि वरून रंधा मारला. कुठे काय आहे ते पुन्हा त्यालाही दिसेना. मग फळीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाला, "आता या म्हणावं ग्रीन बेवाल्याला. बघतो कोण काढतो ते!"

फुटबॉलचा नवा मोसम सुरू झाला त्या पहिल्या रविवारी कर्टनं सगळ्यांसमोर खळग्यापाशी छोटा ग्लास पालथा ठेवला. "ही लाइलची जागा. हा ग्लास इथून हलणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाइल आपल्या स्टुलावर बसला, डावं कोपर खळग्यात ठेवलं. बरोबर बसलं. पडद्यावर मॅच चालू होती, पण त्याला धड दिसत नव्हती, डोळे भरून येत होते.

तो हिवाळा छान गेला. पुढचाही.

आता लाइलची जागा कट्ट्याच्या टोकाला होती आणि त्याच टोकाला फ्रीज होता. त्यानंच तो तिथे बसवला होता. त्यामुळे हळूहळू सुरू झालं. "लाइल, उठतोच आहेस तर एक दे रे." तो उठत नसायचा, पण उठायचा. मग कर्टच्या ऑफिसातली माणसं यायला लागली. एक रविवार असा आला की स्टुलं कमी पडली, आणि कर्ट त्याच्या कानाशी म्हणाला, "तू नाहीतरी उभाच असतोस. आज जरा त्यांना बसू दे. तुझ्या हातचं ब्रँडी ओल्ड फॅशन्ड कॉकटेल त्यांनी प्यायलंच नाहीये कधी." लाइलनं केलं. एक माणूस त्याच्या स्टुलावर बसून म्हणाला, "कर्ट, हा बारवाला कुठून मिळवलास? झकास आहे." कर्ट हसला. माझा भाऊ आहे, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. लाइल चेरी आणि संत्र्याची फोड कुटत राहिला. त्या दिवशी पालथा ग्लास जागेवर नव्हता. आवराआवरीत कुणीतरी धुऊन इतर ग्लासांत लावून टाकला होता.

पुढे पुढे मेसेज यायला लागले. या रविवारी आम्ही नाही आहोत. या रविवारी मार्सीच्या घरचे आहेत. लाइल समजायचं ते समजला, पण फळी तिथे होती. हा एक मोठा धीर होता त्याला. गावात कुणी विचारलं की सांगायचा, "आहे की, कर्टकडे आहे. सलग. एक ओरखडा नाही."

घर विकायला काढलंय हे त्याला रस्त्यावरून जाताना कळलं. अंगणात पाटी. गाडी तशीच रस्त्यात उभी करून तो दारात गेला.

"सांगणारच होतो," कर्ट म्हणाला. "ॲरिझोनाला जातोय. मार्सीचे गुडघे, ही थंडी... तुला माहितीये सगळं."

"फळी?"

कर्टनं डोकं खाजवलं. "लाइल, ती आता घराचा भाग झाली ना. ठोकलेलं, चिकटवलेलं सगळं घराबरोबर जातं. कायदाच आहे तसा."

"मी काढतो. मला दोन आठवडे दे. पडद्यामागची भिंत उघडतो, पुन्हा बांधून देतो. काँक्रीट फोडावं लागेल थोडं, तेही करून देतो. तुला बोटभर काम पडणार नाही."

"अरे बाबा, घेणाऱ्यांनी फळी बघूनच घर घेतलंय! त्यांना तोच बार हवाय. कागदांवर सह्या व्हायच्या आहेत. तू भिंत फोडलीस तर सगळंच फिसकटेल. मला गोत्यात आणू नकोस."

"बाबांची फळी आहे कर्ट."

"आणि चांगल्या माणसांकडे राहील. जपतील ती. हे बघ, तू तरी एवढं लावून धरायला नको. तूच चिकटवलीस ना तशी? मार्सी म्हणत होती, चमच्यानं उकरलं तरी ढिम्म हलत नाही."

लाइलच्या तोंडावर कुणीतरी दार लावावं तसं झालं. त्याला ग्रॅनाइटचं सांगायचं होतं, ग्रीन बेच्या हॉटेलवाल्याचं सांगायचं होतं.  तो गाडीत जाऊन बसला. निदान जपतील, एवढं मात्र त्यानं मनाशी धरून ठेवलं. लोकांना सांगायला लागला, "फळी बघून घर घेतलं म्हणे त्यांनी. दर्दी असणार." माणूस स्वतःची समजूत कशी घालतो बघा.

कर्ट आणि मार्सी ऑक्टोबरात गेले. महिन्याभरानं लाइलचा फोन वाजला. तरुण बाईचा आवाज.

"मिस्टर झास्त्रो का? मी पेज. तुमच्या भावाचं घर आम्ही घेतलंय. तळघरातलं थोडं काम होतं. ते म्हणाले होते, ज्यानं बांधलं त्यालाच विचारा."

लाइल ताबडतोब गेला. दाढी करून गेला. वाटेत त्याच्या मनात काय काय आलं असेल! फळीला तेल लावायचं असेल. कुठे ओल धरली असेल. कदाचित म्हणतील, या ना रविवारी.

पेज मोठी मनमिळाऊ होती, तेच तर वाईट. तिनं कॉफी दिली, केक दिला. दोन लहान मुली चौथऱ्यावर नाचत होत्या. पडद्याच्या जागी त्यांनी रंगीत चादर बांधली होती.

"हा चौथरा काय सुंदर केलाय तुम्ही!" पेज म्हणाली. "मुलींनी त्याचा रंगमंच करून टाकलाय. कितीही उड्या मारा, आवाज म्हणून नाही. तो राहू दे. फक्त हा बार काढायचाय. पोरी स्टुलावरून वर चढतात आणि पडतात. परवा धाकटीला टाके घालावे लागले. सोमवारी गालिचावाले येतायत, त्याआधी झालं तर बरं."

लाइलनं कप खाली ठेवला. "तुम्ही तर बार बघून घर घेतलंत ना?"

"आम्ही?" पेज हसली. "नाही हो! आम्ही तर तुमच्या भावाला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, जायच्या आधी हा काढून देता का. दोनदा विचारलं. ते म्हणाले, निघतच नाही, कुणीतरी असा चिकटवलाय की घर पडेल पण तो पडणार नाही. मग आम्ही म्हटलं, असू दे, नंतर बघू."

लाइल उठला आणि कट्ट्याच्या टोकाशी, खळग्यापाशी जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला लाकूड हवं असेल तर घेऊन जा," पेज म्हणाली. "आम्ही नाहीतर कचऱ्याच्या पेटीतच टाकणार आहोत."

फुकट. आता ती फुकट मिळत होती. भावानं नाही म्हटलेली वस्तू एक परकी बाई केकबरोबर देत होती. आणि कर्टनं तेव्हा खरं सांगितलं असतं तर? दोन आठवडे मागितले होते लाइलनं. दोन आठवड्यांत त्यानं भिंत उघडली असती, गोंद दोऱ्यादोऱ्यानं सोडवला असता, आली तशी सलग बाहेर नेली असती. पण कर्टला काँक्रीट फुटायला नको होतं, कटकट नको होती, त्याचं चित्त ॲरिझोनात होतं. तेवढ्यासाठी इकडे एक थाप, तिकडे एक थाप. आणि तिकडची थाप धड थापही नव्हती. फळी निघत नव्हती हे खरंच होतं. ते लाइलचं काम होतं.

शनिवारी तो हत्यारं घेऊन आला. पेज मुलींना घेऊन बाहेर गेली होती. पातळ पातं घेऊन त्यानं गोंदाच्या थरात घालायचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत हातभर जागा सुटली. मग मध्ये गज लागला. गुट्टा कुठे आहे ते त्याला दिसेना. स्वतः लपवलेलं त्याला स्वतःला सापडेना! तो फळीवर गाल टेकून, डोळा बारीक करून रेषा शोधत होता आणि स्वतःलाच शिव्या घालत होता. "शहाणा! मोठा शहाणा! बघतो कोण काढतो म्हणे. बघ आता."

तरी त्यानं पाचर मारली, अगदी हलक्या हातानं. गोंद सुटला नाही. लाकूड फाटलं. फळीच्या पोटातून आवाज आला आणि चीर पार मधोमध धावत गेली. लाइल पाचर हातात धरून उभा राहिला.

त्यानंतर त्यानं करवत लावली. काही उरलंच नव्हतं जपायला. आणि न फाटती तरी जिन्याच्या वळणातून ती गेली नसती. दार त्यानंच बुजवलं होतं. सहाजणांनी खांद्यावरून आणलेली फळी त्यानं एकट्यानं काखेत मारून तुकड्या-तुकड्यानं वर नेली. पेज परत आली तेव्हा तो चौथरा झाडत होता. ती म्हणाली, "बाप रे, किती स्वच्छ काम! काय देऊ तुम्हाला?"

"काही नको," लाइल म्हणाला.

"पिझ्झा तरी मागवते."

"नको."

तुकडे गाडीतच राहिले, बर्फ पडला, ओले झाले. काही त्यानं शेगडीत लाकडं जाळणाऱ्या शेजाऱ्याला देऊन टाकले. एक तुकडा तेवढा वर नेला, खळग्याचा. बशीएवढा खळगा आणि भोवती वीतभर लाकूड. तो खिडकीशी बसला की मांडीवर घ्यायचा, आणि कोपर त्यात ठेवायला गेलं की तुकडा घसरायचा.

ख्रिसमसच्या दुपारी कर्टचा फोन आला. मागे कुणीतरी हसत होतं, ग्लास वाजत होते.

"लाइल! अरे, पेजचा मेल आला होता. फळी मिळाली म्हणे तुला शेवटी! बघ, मी म्हणत नव्हतो, सगळं व्यवस्थित होतं? उगाच डोक्याला ताप करून घेतलास."

"हं."

"ऐक ना. इथे आम्ही अंगणात छोटा बार करतोय. बाबांच्या खळग्याचा तुकडा पाठव की मला. भिंतीवर लावतो. लोकांना दाखवायला बरं, बाबांची आठवण. तो राहिलाय ना?"

लाइलच्या मांडीवर तो तुकडाच होता. त्याचा अंगठा खळग्यात फिरत होता. आजवर कर्टनं मागितलं ते त्यानं दिलं होतं, तोंडातून 'पाठवतो' बाहेर पडणारच होतं. पण या वेळी ते पडलं नाही. जन्मात पहिल्यांदा भावाला दुखवायचं म्हणून तो बोलला, शब्द तोलून बोलला.

"नाही राहिला. तो मी कचऱ्याच्या पेटीत टाकला. बाकीच्याबरोबर."

आणि तो वाट बघत राहिला. कर्ट आता ओरडेल. शिवी देईल. बाबांचा खळगा कचऱ्यात टाकलास, हरामखोरा, असं काहीतरी म्हणेल. म्हणावं त्यानं. लाइलला ते ऐकायचं होतं, त्यासाठी त्यानं श्वास धरून ठेवला होता.

"असं होय," कर्ट म्हणाला. "बरं, असू दे. तिकडे बर्फ किती पडलाय रे?"

लाइलनं खिडकीतून खाली पाहिलं आणि बर्फ किती पडलाय ते त्याला सांगितलं.